टिटवाळा लोकल आणि डब्यातलं भजन: पुरुषांच्या दोस्तीचं गाणं नेमकं कुठे ऐकू येतं?

ते रील तुम्ही पाहिलं असेलच. खच्चून भरलेला लोकलचा डबा. पन्नाशीतला एक माणूस डोळे मिटून अभंग म्हणतोय. शेजारचा टाळ वाजवतोय, समोरचा मांडीवर ढोलकी घेऊन बसलाय आणि दाराजवळचा एक जण डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरतोय. खाली दोन प्रकारच्या कमेंट हमखास असतात. एक, 'हीच खरी मुंबई.' दुसरी, 'सकाळी सकाळी डोकं उठवतात राव.'

खरं सांगायचं तर दोन्ही कमेंट बरोबर आहेत. त्या का बरोबर आहेत ते पुढे बघूच. पण तीस सेकंदांच्या रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. ही माणसं एकमेकांची कोण लागतात? ती नातेवाईक नाहीत, एका ऑफिसातली नाहीत, बऱ्याचदा एका गावचीही नाहीत. तरी त्यातला एक जण दोन दिवस दिसला नाही, तर बाकीच्यांपैकी कुणीतरी त्याच्या घरी फोन करतं.

पुरुषांच्या दोस्तीवरची मराठी गाणी कोणती, असं विचारलं तर आपल्याला सिनेमातली गाणी आठवतात. पण गाण्याच्या आधाराने चाळीस-पन्नास वर्षांच्या पुरुषांची दोस्ती वर्षानुवर्षं टिकते, अशी आपल्याकडची एक ठळक जागा म्हणजे लोकलमधलं भजनी मंडळ. ते चालतं कसं, आलं कुठून आणि त्याची दुसरी बाजू काय, हे आज समजून घेऊ.

मंडळ म्हणजे नेमकं काय असतं?

ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेली माणसं. बस, एवढ्यावर मंडळ उभं राहतं.

मुख्य गाणाऱ्याला 'बुवा' म्हणतात. हा बुवा दिवसा बँकेत क्लार्क असेल, बेस्टमध्ये कंडक्टर असेल किंवा कुठल्यातरी कंपनीत फिटर असेल. डब्यात मात्र तो बुवाच. त्याने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची. साथीला टाळ, झांज, ढोलकी. जागा मिळाली तर पखवाज. पेटी गर्दीत आणणं अवघड, त्यामुळे सूर बुवाच्या गळ्यातूनच धरायचा. वाद्यांच्या पिशव्या वरच्या रॅकवर जातात आणि रोज कोण कुठली पिशवी आणणार हेही ठरलेलं असतं.

भजनाला साधारण क्रम असतो. आधी नामाचा गजर, मग विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा अभंग, मग इतर अभंग, गौळण, पुन्हा गजर आणि शेवटी भैरवी. लोकलमध्ये हा क्रम घड्याळाऐवजी स्टेशनांवर चालतो. ठाणे, घाटकोपर, कुर्ला करत माणसं उतरत जातात. दादरला डबा अर्धा रिकामा होतो. त्यामुळे भैरवी त्याआधी घ्यायची असते, नाहीतर ती म्हणायला माणसंच उरत नाहीत.

वारकऱ्यांमध्ये 'चक्री भजन' नावाचा प्रकार आहे. त्यात एक जण अभंग म्हणतो, तो संपला की दुसरा सुरू करतो आणि गाणं फिरत राहतं. डब्यातही असंच होतं. बुवा उतरला की पुढच्याने धरायचं. त्यामुळे ज्याने घरी कधी तोंड उघडून गाणं म्हटलं नाही, तोही वर्ष-दोन वर्षांत दोन अभंग तरी एकट्याने म्हणायला लागतो.

आणि चाली? काही पारंपरिक, काही कॅसेटच्या जमान्यातल्या, तर काही चक्क सिनेमातल्या गाण्यांच्या. शब्द तुकोबांचे आणि चाल जुन्या हिंदी गाण्याची, हे भजनात सर्रास चालतं. त्यामुळे हा प्रकार देवाचा असला तरी त्याचा कान पूर्णपणे लोकप्रिय संगीताचा आहे.

महिलांच्या डब्यातही अशी भजनं चालतात, हेही इथेच सांगायला हवं. पण या लेखाचा विषय पुरुषांची दोस्ती हा आहे, म्हणून आपण जनरल डब्यातच थांबू.

टिटवाळ्याच्या गाडीतच हे का जमतं?

यामागे रेल्वेचं साधं गणित आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १८५४ मध्ये रूळ कल्याणपर्यंत आले आणि १८५५ मध्ये पुढे वाशिंदपर्यंत गेले. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वाशिंद, आसनगाव आणि शेवटी कसारा अशी ही लाईन. टिटवाळा मुंबईच्या सीएसएमटीपासून सुमारे ६४ किलोमीटरवर आहे. धीमी गाडी असेल तर एका बाजूला पावणेदोन तासांचा हिशेब धरावा लागतो. म्हणजे रोज साडेतीन तास गाडीत. महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर जवळजवळ साडेतीन दिवस आणि साडेतीन रात्री नुसत्या लोकलमध्ये जातात.

दुसरा मुद्दा गाड्यांच्या संख्येचा. ठाणे-डोंबिवलीत एक लोकल चुकली तर दुसरी पाठोपाठ येते. कल्याणच्या पुढे तसं नाही. गाड्या कमी आणि त्याच रुळांवरून मेल-एक्सप्रेसही जाणार. एक गाडी चुकली की लेटमार्क नक्की. त्यामुळे कसारा लाईनचा माणूस रोज तीच गाडी पकडतो आणि रोज तेच चेहरे बघतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. टिटवाळ्याहून काही लोकल सुटतात. सुटणाऱ्या गाडीत बसायला मिळतं आणि ओळखीचे सात-आठ जण समोरासमोर बसू शकतात. मांडीवर ढोलकी ठेवायला आधी मांडी रिकामी हवी ना!

लांबचा प्रवास, मोजक्या गाड्या आणि सुरुवातीच्या स्टेशनवर मिळणारी सीट. या तीन गोष्टी जुळल्या की ओळख होते. ओळखीचा ग्रुप होतो आणि ग्रुपला करायला काहीतरी लागतं. काही ग्रुप पत्ते काढतात, काही राजकारणावर भांडतात, काही झोपतात. काही गातात.

त्यात टिटवाळा म्हणजे महागणपतीचं गाव. काळू नदीच्या काठचं. अंगारकीला इथे दर्शनाची रांग किती लांब जाते ते इथल्या माणसाला सांगायला नको. मंगळवारच्या गाडीत विठ्ठलासोबत गणपतीचे अभंगही येतात, ते उगीच नाही.

ही परंपरा आली कुठून?

लोकलमधलं भजन नवं वाटलं तरी त्याची मुळं दोन ठिकाणी सापडतात. एक वारकरी परंपरेत आणि दुसरं गिरणगावात.

आधी वारकरी परंपरा. तुकाराम महाराजांचे चौदा टाळकरी प्रसिद्ध आहेत. आजच्या भाषेत तुकोबांचा ग्रुपच म्हणा ना. त्यात वेगवेगळ्या जातींची माणसं होती. गंगाराम मवाळ ब्राह्मण, तर चाकणचे संताजी जगनाडे तेली. अभंग लिहून ठेवण्याचं काम संताजींनी केलं, असं परंपरा मानते.

तुकोबा आणि संताजी यांच्याबद्दल एक कथा सांगतात. दोघांनी एकमेकांना वचन दिलं होतं. जो आधी जाईल, त्याला मागे राहिलेल्याने मूठभर माती द्यायची. झालं उलटंच. तुकोबा आधी वैकुंठाला गेले. पुढे संताजी गेले, तेव्हा लोक माती टाकत राहिले पण चेहरा काही झाकला जाईना. शेवटी तुकोबा परत आले, त्यांनी मूठभर माती दिली आणि मगच चेहरा झाकला गेला. कथा खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवा. दोन मित्रांनी एकमेकांकडे काय मागितलं ते बघा. शेवटी तू ये, एवढंच.

असंच नामदेवांचं. ज्ञानेश्वरांसोबत केलेल्या तीर्थयात्रेवर त्यांचे अभंग आहेत आणि ज्ञानेश्वरांच्या समाधीवरही आहेत. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली. जवळच्या मित्राच्या जाण्यावर एका पुरुषाने उघडपणे केलेला विलाप मराठीत तेव्हापासून आहे. पुरुष रडत नाहीत, हे आपल्याकडे नंतर कधीतरी ठरलं असावं.

मैत्री हा भजनाचा विषयसुद्धा आहे. कृष्ण आणि त्याचे सवंगडी रानात शिदोऱ्या एकत्र करून खातात, तो काला. सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाने होतो. त्यातला पेंद्या हा लंगडा, बोबडा पण कृष्णाचा लाडका मित्र. तो मराठी लोकपरंपरेत इतका रुजला की तमाशाच्या गौळणीतही आला. ठाण्या-मुंबईतली दहीहंडी म्हणजे त्याच काल्याचं शहरी रूप. एकाच्या खांद्यावर दुसरा उभा आणि खालच्याने हलायचं नाही.

आता गिरणगाव. लालबाग, परळच्या चाळींमध्ये कोकणातून आणि घाटावरून पुरुष एकटे आले. बायकापोरं गावी. एका खोलीत कितीतरी जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे आणि खाणावळीत जेवायचे. या माणसांचं घर म्हणजे गावचं मंडळ आणि करमणूक म्हणजे भजन. कोकणातल्या बुवांची डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, मुंबईत गाजली ती या श्रोत्यांमुळे. शक्ती-तुऱ्याचे नाच गाजले तेही यांच्यामुळेच.

याच कामगार वस्तीतून दुसरं एक गाणं उभं राहिलं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं. तिथे देवाच्या जागी कामगार आला. पण रचना ओळखीची होती. एक जण पुढे म्हणणार, बाकीचे झील धरणार आणि समोर बसलेला माणूस स्वतःला एकटा समजणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहरातली घरं परवडेनाशी झाली. अनेक कुटुंबं कल्याण, डोंबिवली, बदलापूर, टिटवाळा अशा ठिकाणी सरकली. माणूस लांब राहायला गेला, पण काम मुंबईतच राहिलं. संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर बसायला वेळ नाही, कारण घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. मग भजनाला वेळ कुठला उरला? गाडीतला.

मग सिनेमातली दोस्तीची गाणी?

तीही बघू, कारण फरक तिथेच कळतो.

१९ जुलै २०१३ रोजी संजय जाधव यांचा 'दुनियादारी' आला. सुहास शिरवळकरांच्या त्याच नावाच्या कादंबरीवरचा. त्यातल्या यारीने एका पिढीच्या स्टेटसची सोय केली. आजही कॉलेजच्या ग्रुप फोटोखाली त्यातलीच गाणी लागतात. त्याआधी २०१० मध्ये अवधूत गुप्ते यांच्या 'झेंडा'ने दुसरी बाजू दाखवली होती. पक्ष फुटतो तेव्हा वरचे नेते सावरतात आणि खाली दोन मित्र एकमेकांसमोर उभे राहतात.

पण एक गोष्ट नीट बघा. सिनेमातली दोस्ती बहुतेक वेळा कट्ट्यावरची असते. वय अठरा ते पंचवीस. नोकरी लागली, लग्न झालं की गाणं संपतं. पुढे मित्र भेटतात ते आठवणी काढायला. पस्तिशीनंतर नवा मित्र झाला, यावर आपल्याकडे कितीशी गाणी आहेत? आठवून बघा.

उलट एकट्या पडलेल्या मध्यमवयीन माणसाचा सिनेमा मात्र आपल्याकडे आहे. २००५ चा निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट'. संदीप कुलकर्णी यांनी रंगवलेला माधव आपटे रोज तीच गाडी, तेच ऑफिस, तेच घर करतो आणि एक दिवस त्याचा बांध फुटतो. त्या माणसाला त्याच्या गाडीत एखादा ग्रुप मिळाला असता तर? सिनेमा झाला नसता, हे खरं. पण माधव आपटे कदाचित वाचला असता.

या सगळ्यात आवाजाचं एक घराणं भजनाच्या डब्याला आणि सिनेमालाही जोडतं. ते म्हणजे शिंदे घराणं. मूळचे मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी गायले, भीमगीतं गायले आणि कव्वालीही गायले. २००४ मध्ये ते गेले. त्यांच्या कॅसेट ऐकून बसलेले गळे आजही भजनात ओळखू येतात. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद ही भावांची जोडी लग्नाच्या वरातीपासून जयंतीपर्यंत सगळीकडे वाजली. आनंद शिंद्यांचा मुलगा आदर्श 'दुनियादारी'त गायला. म्हणजे भजनाचा टाळ आणि यारीचं स्टेटस यांच्यात एका घराचंच अंतर आहे.

एकत्र गायल्याने दोस्ती होते, याला काही पुरावा?

आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रॉबिन डनबार हे त्यातलं ओळखीचं नाव. प्रौढांचे वेगवेगळे वर्ग सात महिने चालवले. काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या जवळ आली. पण गाण्याच्या वर्गातली माणसं फार लवकर जवळ आली. हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गाला जे जमायला महिने लागले, ते गाणाऱ्यांना सुरुवातीच्या काही आठवड्यांतच जमलं.

कारण सोपं आहे. लेखनाच्या वर्गात मैत्री करायची तर बोलावं लागतं. गाताना बोलावं लागत नाही. एकाच वेळी श्वास घ्यायचा, एकाच वेळी सोडायचा आणि एकाच ठेक्यावर हात मारायचा. एकमेकांच्या आयुष्याबद्दल काहीही माहीत नसताना ही माणसं एकत्र एक काम नीट पार पाडतात.

आपल्याकडच्या पुरुषांना हे का सोयीचं पडतं, ते तुम्हाला माहीतच आहे. 'मला बरं वाटत नाहीये' हे वाक्य मित्राला म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. त्याऐवजी 'काय शेठ, कसं काय' आणि 'चाललंय राव' यावर वर्षं निघतात. मंडळात तेवढंही चालतं. आज गळा लागत नाही, हे बाजूच्याला ऐकू येतंच. भजन संपल्यावर तो विचारतो, 'घरी सगळं ठीक ना?'

वारकऱ्यांची एक रीत इथे कामी येते. भजन संपल्यावर एकमेकांच्या पाया पडायचं. साठीचा माणूस तिशीतल्याच्या पायाला हात लावतो आणि 'माऊली' म्हणतो. एरवी कुठला पुरुष दुसऱ्या पुरुषाला आईच्या नावाने हाक मारतो?

जगात दुसरीकडे असं काही आहे का?

आहे आणि फार लांब आहे. कॉकेशस पर्वतातला जॉर्जिया नावाचा छोटा देश. तिथे पुरुष मित्राला 'झ्माकात्सी' अशा उच्चाराचा शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'भाऊ-माणूस'. आपण रस्त्यात कुणालाही 'भावा' म्हणतो, जवळपास तसंच.

तिथे 'सुप्रा' नावाची मेजवानी असते. टेबलाचा एक प्रमुख असतो. तो एकेका विषयावर चार शब्द बोलतो, प्याले उंचावतो आणि मग मंडळी तीन वेगवेगळ्या सुरांत एकत्र गातात. या बहुसुरी गायनाला युनेस्कोने २००१ मध्ये मानवतेचा वारसा म्हणून गौरवलं. त्यांच्याकडे प्रवासात म्हणायच्या गाण्यांचाही एक प्रकार आहे. आणि तिथल्या एका लोकप्रिय आधुनिक बँडचं नाव आहे 'मगझाव्रेबी', म्हणजे प्रवासी. टिटवाळा लोकलच्या मंडळाला हे नाव चालून गेलं असतं.

अजून एक गंमत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यावर जॉर्जियातल्या पुरुषांचं एक बहुसुरी गाणं आहे आणि गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. जगाच्या दोन टोकांची गाणी एकाच तबकडीवरून अजून प्रवास करतायत.

पण ज्याला नको आहे, त्याने काय करायचं?

आता दुसऱ्या कमेंटकडे येऊ. 'डोकं उठवतात राव.'

रात्रपाळी करून आलेला माणूस झोपू पाहतोय. एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा पेपर आहे आणि ते वाचतायत. कुणाचं डोकं खरंच दुखतंय. कुणाचा धर्म वेगळा आहे, कुणाला देवच मान्य नाही. यातल्या कुणीही भजनाचं तिकीट काढलेलं नाही. डबा सगळ्यांचा आहे.

याहून मोठी तक्रार जागेची असते. 'इथे आमचा माणूस बसतो' म्हणत रुमाल टाकून सीट धरणं. पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्या मित्रासाठी दुसऱ्याला उभं ठेवणं. दारात ग्रुप करून नवख्याला आत न येऊ देणं. हे भजनवाल्यांपुरतं नाही, सगळ्याच ग्रुपमध्ये चालतं. पण चालतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४५ नुसार गाडीत उपद्रव करणं हा गुन्हा आहे. कलम १५५ नुसार, राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला शिरण्यापासून अडवणं हाही गुन्हा आहे. तक्रारीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे.

यातलं गांभीर्य कळण्यासाठी एक तारीख पुरे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारच्या रुळांवरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. काहींचा जीव गेला. दारातल्या माणसाला आत एक पाऊल ठेवायला जागा मिळणं याची किंमत या लाईनवर किती आहे, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून मंडळ चांगलं की वाईट, हे ओळखायची एक साधी खूण आहे. तीन जणांच्या सीटवर चौथ्याला थोडं सरकून जागा देतात का? ज्याला आपण 'फोर्थ सीट' म्हणतो ती. आणि कुणी 'जरा आवाज कमी करता का' म्हटलं, तर टाळ हलके होतात की मुद्दाम जोरात वाजतात? चौदा टाळकऱ्यांचं नाव घ्यायचं तर चौथ्याला सरकायला हवं. भाऊबंदकी हा शब्द मराठीत भांडणासाठी वापरतात, हे विसरून चालणार नाही.

गाडी बंद पडली तेव्हा काय झालं?

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सगळ्यांना मुभा मिळाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली आणि दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून दारं उघडली. म्हणजे जवळपास दीड वर्ष सामान्य माणसाची नेहमीची गाडी नव्हती.

कट्ट्यावरचे मित्र व्हिडिओ कॉलवर भेटू शकले. लोकलच्या मंडळाचं तसं नव्हतं. त्यांचं नातं गाडीवर उभं होतं. कित्येकदा समोरच्याचं आडनाव माहीत असतं पण घराचा पत्ता नसतो. नंबर सेव्ह असतो तोसुद्धा 'ढोलकी' किंवा 'आंबिवली' अशा नावाने. गाडी परत सुरू झाली तेव्हा कोण आलं आणि कोण नाही, हे डब्यात शिरल्यावरच कळलं.

दुसरी वेळ असते रिटायरमेंटची. नोकरीच्या शेवटच्या दिवशी डब्यात हार, पेढे आणि एखादी शाल असते. त्या दिवशी भैरवी थोडी लांबते. दुसऱ्या दिवशी गाडी त्याच वेळेला सुटते आणि त्या माणसाचा पास मात्र संपलेला असतो. चांगली मंडळं इथे थांबत नाहीत. घरच्या सत्यनारायणाला, मुलीच्या लग्नाला, दसऱ्याला डबा सजवतात तेव्हा त्याला बोलावतात. आणि घरात कुणी गेलं, तर दिवसांच्या भजनाला टाळ घेऊन पोहोचतात. संताजींनी तुकोबांकडे जे मागितलं होतं, ते हेच नाही का?

आजच्या डब्यात इअरफोन जास्त आहेत आणि टाळ कमी. प्रत्येकाच्या कानात त्याच्या आवडीचं गाणं आहे आणि त्याचा कुणाला त्रास नाही. ही सोय छोटी नाही. फक्त इअरफोन लावलेला माणूस दोन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी फोन कोण करणार, हा प्रश्न उरतो.

त्यामुळे पुढच्या वेळी असं रील समोर आलं, तर गाणाऱ्या बुवाकडे बघून झाल्यावर जरा त्याच्या शेजारच्याकडे बघा. आणि तुम्ही स्वतः रोज एकाच डब्यातून जात असाल, तर समोरच्याचं नाव विचारा. भजन आलंच पाहिजे असं नाही. चौथ्याला जागा देता आली तरी सुरुवात होते.